तेरणेकाठची माती

तेरणा ही काही मोठी नदी नव्हे. बालाघाटाच्या डोंगररांगेत तेरखेड्याजवळ उगम पावते, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतून वाट काढत मांजरेला मिळते आणि मांजरेबरोबर गोदावरीत जाते. चैत्र-वैशाखात तिच्या पात्रात डबकी उरतात, शेळ्या सुक्या पायांनी पलीकडे जातात. तिच्यातून कधी गलबत चाललं नाही, तिच्या काठी कुठल्या सम्राटाची राजधानी नव्हती. तरीही तिच्या काठावरच्या तेर या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलं गेलं होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. माझं आजोळ याच नदीच्या खालच्या अंगाला, आणि तिथं मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक नोंदवही तयार केली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती ओळखली जाते. त्याचं स्वतःचं नाव कुणाला ठाऊक नाही. दक्षिणापथातल्या बाजारपेठांबद्दल लिहिताना त्यानं दोन गावं खास म्हणून निवडली. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर ‘तगर’, फार मोठं नगर. पैठणहून मौल्यवान खडे येतात आणि तगरहून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल. हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला आणलं जातं, असं तो लिहितो. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे.

मला या नोंदीतल्या गाड्या फार महत्त्वाच्या वाटतात. तीस दिवस बैलगाडी हाकायची म्हणजे काय, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. काळ्या रानातून पावसाळ्यात गाडी चालतच नाही, चाकं तुंब्यापर्यंत रुततात. म्हणजे सुगी झाल्यावर निघायचं, नदीचे उतार गाठत जायचं, बैलांच्या वैरणीची आणि पाण्याची सोय बघत मुक्काम करायचे, घाट उतरायचे, आणि वाऱ्याच्या दिशेवर येणारी-जाणारी जहाजं बंदरात असतील त्या बेतानं पोचायचं. हा माल कातणाऱ्या बायका, विणणारे हात, गाडीवान, वाटेतले हिशेब ठेवणारे, यांच्यातलं एकही नाव उरलेलं नाही. राजांची नावं मात्र आहेत. सातवाहनांची शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी तेरच्या मातीत विपुल सापडली, त्यांवर राजांची नावं वाचता येतात. पण राजे पैठणला राहत होते. तेर मोठं झालं ते कापसाच्या जमिनीवर आणि हातातल्या कसबावर, आणि नदीकाठच्या गावाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पुढं हे गाव इतकं विस्मरणात गेलं की तगर म्हणजे कोणतं, यावरच विद्वानांत वाद झाले. कुणी देवगिरीचं नाव घेतलं, कुणी जुन्नरचं, कुणी धारूरचं. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच निजामाच्या राज्यातलं तेर हे साधार मांडलं आणि पुढं ते मान्य झालं. गंमत अशी की नाव पूर्णपणे पुसलं गेलंच नव्हतं. कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. त्यांची सत्ता ठाण्याला, पन्हाळ्याला; तेर त्यांच्या ताब्यात नव्हतं, पण घराण्याचं मूळ गाव म्हणून ते शतकानुशतकं बिरुदात सांभाळलं. गाव सोडून गेलेली माणसं गावाचं नाव किती जपतात, हे आपण पुण्या-मुंबईत रोज पाहतो. आमच्या भागातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांच्या घरांवर, दुकानांवर नदीची आणि ग्रामदेवतेची नावं असतात. शिलाहारांचं बिरुद वाचताना मला त्यात राजेपणापेक्षा हीच ओढ जास्त दिसते.

जैन परंपरेनंही गाव लक्षात ठेवलं. ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर येतं आणि जवळच्या धाराशिव लेण्यांची कथा येते. आजही तेरमध्ये महावीरांचं जुनं क्षेत्र आहे, लोक लांबून दर्शनाला येतात.

आता मातीकडे येतो.

मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडाला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी खापरं एकावर एक साचत गेली की काळ्या रानाच्या मधोमध एक फिकट, भुरकट उंचवटा तयार होतो. तेरच्या आजूबाजूला आणि खुद्द गावाखाली अशी टेकाडं आहेत. पाऊस पडून गेला की त्यांच्या उतारावरची माती धुऊन निघते आणि मणी वर येतात. अकीक, कार्नेलियन, काचेचे, शंखाचे. नाणी वर येतात. भाजक्या मातीच्या बाहुल्यांची मुंडकी वर येतात.

या पांढऱ्या मातीचा आमच्याकडे घरोघर उपयोग होता. माळवदाच्या घरात खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यावर फळ्या-काटक्या, मग लिंबाचा पाला, आणि सगळ्यावर हातभर जाडीचा मातीचा थर. काळी माती त्या कामाला चालत नाही. पाणी लागलं की फुगते, ऊन लागलं की भेगाळते. पांढरी माती चोपून बसवली की घट्ट बसते, पाणी आत येऊ देत नाही, म्हणून गावोगावची माणसं पांढरीच्या टेकाडावरून गाड्या भरून माती आणत. आजोळी मृगाच्या आधी हे काम चाले. आजोबा माळवदावर उभे राहून टोपल्या झेलत, माती पसरत, चोपण्यानं चोपून काढत, आणि साण्याच्या, म्हणजे छपरातल्या उजेडाच्या झरोक्याच्या, कडेला जरा उतार देऊन पाणी पन्हाळीकडे वळवत. मातीत एखादं खापर, एखादी बांगडीची काच निघे. ती बाजूला फेकून दिली जाई. आम्ही पोरं त्याच माळवदावर रात्री अंथरुणं टाकून झोपायचो. कुण्या जुन्या गावाच्या चुलींची राख आपल्या डोक्यावर घालून आमच्या कित्येक पिढ्या पावसापासून वाचल्या. त्या टेकाडांचं जे नुकसान झालं ते झालंच, आणि पुरातत्त्वाच्या दृष्टीनं ते मोठं आहे. पण ती माती उचलणाऱ्यांना कुणी दोष देऊ नये असं मला वाटतं. छप्पर गळू नये ही गरज खरी होती, आणि टेकाडात काय आहे हे सांगायला त्यांच्याकडे कुणी गेलं नव्हतं.

तेरच्या विटा हा स्वतंत्र विषय आहे. आपला सगळा मुलूख काळ्या फत्तराचा. इथली देवळं, बारवा, वेशी सगळं दगडाचं. तेरमध्ये मात्र विटांची देवळं आहेत, कारण नदीचा गाळ हाताशी होता आणि त्या गाळाचं काय करायचं हे जाणणारे लोक होते. तिथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या आणि सच्छिद्र की पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचा कोंडा किंवा तूस कालवलं आणि वीट भाजली की कोंडा जळून जातो, त्याच्या जागी पोकळी राहते. वजन उतरतं, पण वीट टिकते. दीड हजार वर्षं टिकली आहे.

त्रिविक्रमाचं देऊळ अशा विटांचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यानं ते पाहिलं आणि अभ्यासकांचं लक्ष तिकडं गेलं. देवळाचा मागचा भाग अर्धगोल आहे आणि वरचं छप्पर गजपृष्ठासारखं. कार्ले-भाजे इथं डोंगराच्या पोटात कोरलेल्या चैत्यगृहांचा जो आकार, तोच इथं उघड्यावर विटांनी बांधलेला आहे. महाराष्ट्रात उभं राहिलेलं असं बांधकाम फार दुर्मिळ. मूळचा तो बौद्ध चैत्य होता असं कझिन्सचं मत. मुळातच ते वैष्णव देऊळ असावं असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. आत आज त्रिविक्रमाची मूर्ती आहे, एक पाय वर उचललेला, तिन्ही लोक व्यापणारा. गावकऱ्यांच्या लेखी हा वाद गौण आहे. दिवा लागतो, पूजा होते, आणि वास्तू शाबूत राहिली तीच मुळी तिच्यात सतत कुणीतरी दिवा लावत राहिलं म्हणून. जिथं पूजा थांबली त्या विटा कधीच लोकांच्या भिंतींत गेल्या असतील. उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच, आणि त्याची कोरीव लाकडी चौकट पाहिली की वाटतं, दगड टिकतो म्हणून आपण दगडाचाच इतिहास शिकलो. लाकडात आणि मातीत किती काम होऊन गेलं असेल त्याची मोजदादच नाही.

आणि या गावात कुंभाराचा संत झाला, हे मला योगायोग वाटत नाही.

गोरोबाकाका तेरचे. परंपरेनुसार त्यांचा जन्म 1267 चा आणि समाधी शके 1239, म्हणजे 1317 ची. नामदेव-ज्ञानदेवांच्या मेळ्यात वयानं सगळ्यांत वडील, म्हणून सगळेच त्यांना काका म्हणत. त्यांची एक गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात इतके रंगले की रांगत आलेलं पोर पायाखाली आलं. ती गोष्ट मला लहानपणीही ऐकवत नसे, आजही ऐकवत नाही. आईचा आक्रोश त्या गोष्टीत खूप खरा आहे आणि नंतरच्या चमत्कारानं तो माझ्या कानातून जात नाही.

दुसरी गोष्ट मात्र मी कितीही वेळा ऐकू शकतो. संत तेरला गोरोबांकडे जमलेले. मुक्ताबाईला कोपऱ्यात थापटणं दिसलं. हे कशाला असतं, असं तिनं विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं काका म्हणाले. मग आमचीही मडकी बघा की, असं मुक्ताबाई म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसून राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि काकांनी निवाडा दिला की हे मडकं कच्चं आहे. पुढं नामदेव औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले, गुरू केला.

कुंभाराच्या घरी बसून काम पाहिलं की ही गोष्ट किती बारकाव्यानं रचली आहे ते कळतं. चाकावरून उतरवलेलं मडकं जाड आणि ओबडधोबड असतं. ते जरा सुकू देतात, मग आत एका हातानं गुळगुळीत दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्यानं हलक्या हातानं ठोकत ठोकत भिंत पातळ करत नेतात. एकच जागा दोनदा जोरात ठोकली तर मडकं बसतं. आतला हात दिसत नाही, पण तो हलला की सगळं फुकट. मग सावलीत वाळवणं, मग आवा रचणं: शेणकुटं, पाचट, मडकी, पुन्हा शेणकुटं, वरून राख-मातीचा लेप, आणि रात्रभर धुमसत ठेवणं. सकाळी आवा उकलला की प्रत्येक मडकं हातात घेऊन टिचकी मारतात. पक्कं असेल तर खणखणतं, कच्चं असेल किंवा बारीक तडा गेलेला असेल तर बद्द वाजतं. डोळ्यांना तडा दिसत नाही, कानाला कळतो. तेराव्या शतकातल्या एका जातिबद्ध समाजात मोठमोठ्या संतांची पारख करण्याचा अधिकार परंपरेनं या कानाला दिला. कथा ऐतिहासिक आहे की नाही हे मला महत्त्वाचं वाटत नाही. ती सातशे वर्षं कीर्तनांतून सांगितली गेली आणि कुणी तिच्यातला परीक्षक बदलला नाही, हे खरं महत्त्वाचं.

समाधी तेरणेच्या काठावरच आहे. चैत्रात यात्रा भरते. नदीला तेव्हा पाणी नसतं.

पाण्याचं असं की गावाच्या वरच्या अंगाला तेरणा प्रकल्पाचं धरण झालं, खाली माकणीला निम्न तेरणाचं झालं. ऊस आला, ढोकीला साखर कारखाना आला, आणि नदी पावसाळ्यातल्या काही दिवसांपुरती उरली. या भागात पाण्यासाठी लोकांनी जे सोसलं आहे ते पाहता धरणाविरुद्ध बोलवत नाही. पण नदी म्हणून तेरणा जी होती ती आता नाही, हेही खरं.

तेरणेचं खोरं उरलेल्या महाराष्ट्राला एकाच तारखेनं ठाऊक आहे: 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून दमलेली माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक घरांनी मारली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, आणि वर तेच माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती घालायची रीत असल्यानं जुना थर कधी काढला जात नसे. छपराचं ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलं होतं. भिंती बाहेर फाकल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आजोळचं घर गेलं. आजी उकाड्यानं अंगणात बाज टाकून झोपली होती म्हणून राहिली. पुढं आयुष्यभर ती स्लॅबच्या घरात झोपायला नाखूश असायची, आणि माळवदाचं नाव काढलं तरी विषय बदलायची.

52 गावं नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते, सिमेंटची घरं, प्रत्येकाला ठरलेली जागा. जुनी गावठाणं तशीच सोडून दिली. मी आजोळच्या जुन्या गावात नंतर गेलो आहे. भिंतींचे दगड लोकांनी नेले, मातीचे ढीग पावसानं बसत गेले, बाभळी माजल्या. बुडख्याशी पाटा-वरवंट्याचे तुकडे, पितळी तांब्याचा काठ, बांगड्यांच्या काचा. काळ्या रानात एक फिकट उंचवटा आकार घेताना मी पाहिला. तेरच्या टेकाडांकडे त्यानंतर मला अभ्यासकाच्या नजरेनं पाहता आलेलं नाही. तिथंही कुणाची तरी आजी होती. ते नगर एका रात्रीत गेलं नाही, व्यापाराच्या वाटा बदलल्या, मागणी आटली, हळूहळू माणसं उठून गेली. पण मागं राहिलेल्या वस्तू त्याच असतात. पाटे, बांगड्या, पोरांची खेळणी, दिवे.

त्या वस्तू आज आपल्याला बघायला मिळतात याचं मोठं श्रेय तेरमधल्याच एका गृहस्थाला आहे. रामलिंगप्पा लामतुरे. पुरातत्त्वाचं शिक्षण घेतलेले ते नव्हते. टेकाडांवर, शेतांत, पाया खोदताना जे निघे ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं आणि जपलं. ज्या काळात हे सगळं फेकून देण्याजोगं खापर समजलं जात होतं त्या काळात त्यांनी मणी मण्यांत आणि नाणी नाण्यांत ठेवली. पुढं ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी 1960 साली या संग्रहावर पुस्तिका लिहिली. 1958 मध्ये पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी तेरला शास्त्रीय उत्खनन केलं होतं. त्यानंतरही उत्खननं झाली आणि सातवाहन काळातल्या वस्तीचे थर नीट समजले. लामतुऱ्यांचा संग्रह सरकारकडे आला आणि गावातच त्यांच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. वीस हजारांहून जास्त वस्तू आहेत त्यात.

तिथं केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या आहेत, दोन साच्यांत घडवून जोडलेल्या, आतून पोकळ. बायकांच्या केसांची रचना इतकी वेगवेगळी की कारागिरानं ती रोज बाजारात पाहिली असणार. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उठवलेली, गळ्यात घालायची पदकं आहेत; खरं सोन्याचं नाणं ज्याला परवडत नव्हतं त्यानं मातीचं घातलं. शंखाच्या बांगड्या, हस्तिदंती फण्या, दिवे आहेत. आणि हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे, वीतभरही नसेल. कंबरपट्टा, हातातल्या बांगड्यांची दाटी, उभं राहण्याची ढब. अशीच एक मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेई इथं एका घरात सापडली. इसवी सन 79 मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीनं ते शहर गाडलं, म्हणजे त्याआधी ती मूर्ती तिथं पोचलेली होती. मराठवाड्यातल्याच भोकरदनलाही त्याच घडणीची मूर्ती मिळाली आहे, त्यामुळे पॉम्पेईची बाई आमच्या मुलखातून गेली असावी असं मानायला जागा आहे. गाडीतून भडोचला, जहाजातून तांबड्या समुद्रात, आणि तिथून पुढं.

पॉम्पेईची मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे, जगभरची माणसं तिला बघायला रांग लावतात. तेरची तेरमध्ये आहे. एवढ्या मोलाच्या वस्तू अशा आडगावात कशाला, मुंबईला किंवा संभाजीनगरला नेऊन ठेवाव्यात, असं मला शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकायला मिळतं. मी त्यांना सांगतो की संग्रहालयात गेल्यावर दुसरीच्या-तिसरीच्या वर्गाची सहल आली असेल तर थांबा. ती पोरं काचेला नाक लावून मणी बघतात आणि आपसांत भांडतात: आमच्या वावरात असा सापडला होता, आमच्या आजीकडे असा आहे. बाईंना त्यांना गप्प बसवावं लागतं. या वस्तूंबद्दल ‘आमच्या वावरात’ असं म्हणू शकणारी माणसं जगात फक्त त्याच गावात आहेत. संग्रहालयाला चांगली इमारत हवी, नीट प्रकाश हवा, माहिती सांगणारी माणसं हवीत, उरलेल्या टेकाडांना संरक्षण हवं, आणि हे सगळं तेरमध्येच हवं.